चार रबरी नळ्या आणि एक चावी

ब्रेक लागत होते. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे जो तो आपल्या सोयीने ही गोष्ट सांगायला लागला. ज्या दिवशी तपासणी केंद्रातल्या साहेबाने आमच्या गाडीला नापास केलं, त्या दिवशीही मीच ती चालवत नेली होती. वाटेत अकरा सिग्नल लागले आणि अकराही ठिकाणी ती थांबली. थांबली नसती तर मी केंद्रापर्यंत पोचलो कसा असतो? हा प्रश्न मी साहेबाला विचारला. तोवर साहेब गाडीखालच्या खड्ड्यात उतरला होता.

साहेब वयाने माझ्या पान्यांच्या पेटीपेक्षा लहान. खालूनच त्याने हाक मारली, "आजोबा, खाली या जरा."

मला आजोबा म्हणायला माझं कुणी नातवंड तिथे नव्हतं, तरी मी उतरलो. त्याने टॉर्च मारला आणि चाकामागची रबरी नळी बोटांनी वाकवून दाखवली. टाचेला पडतात तशा बारीक भेगा होत्या.

"ही एक, ही दुसरी. आणि ही बघा, फुगलीय."

"पण ब्रेक लागतात."

"आज लागतात," साहेब म्हणाला.

ब्रेकचं पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पोलादी नळ्यांतून चाकांकडे जातं. चाक वळतं, वरखाली होतं, म्हणून शेवटची वीतभर नळी रबरी असते. चार चाकं, चार नळ्या. त्यातली एक फुटली की पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी आपल्या मनाची राजा होते. एवढं मला कळत होतं, म्हणून मी वाद घातला नाही. साहेबाने कागदावर लिहिलं: चारही नळ्या बदलून पंधरा दिवसांत फेरतपासणी.

घरी मुलाने तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तो कागदाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"बाबा, विकून टाकू या गाडी."

"का?"

"गाडीचं वय झालं."

"गाडीचं की माझं?"

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

ह्याचा अर्थ माझंच. सत्तरी उलटली की माणसाच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतात. आधी शिडी काढली. मग मीठ काढलं. मग बँकेत एकट्याने जायचं नाही असं ठरलं, आणि ते ठरलं तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. राहिली होती ती गाडीची चावी. ती माझ्या खिशात असते, झोपताना उशाशी असते. गुरुवारी मी बायकोला तिच्या बहिणीकडे सोडतो, सोमवारी बाजारात नेतो. कुणाला विचारावं लागत नाही. चावी गेली की मी मागच्या सीटवरचा बोजा. मग कुठे जायचं असेल तर मुलाला सवड आहे का, सुनेला सवड आहे का, हे विचारत फिरायचं.

म्हणून मी म्हटलं, "फेरतपासणीत पास झाली तर चावी माझ्याकडे. परत विषय काढायचा नाही."

"आणि नापास झाली तर?"

"तर तुझ्याकडे. मी मागे बसेन."

"शब्द?"

"शब्द."

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मला साक्षीला बोलवू नका. मला फक्त गुरुवारी बहिणीकडे पोचवा, कुणीही."

मुलाचा आग्रह की काम गॅरेजलाच द्यायचं. गॅरेजवाला म्हणाला, "काका, अठरा दिवसांनी आणा, त्याआधी जागा नाही." कागदावर मुदत पंधरा दिवसांची. मी मुलाला म्हटलं, झालं समाधान? आता मी करतो. खरं सांगायचं तर गॅरेजवाल्याने "आत्ता आणा" म्हटलं असतं तरी मी काहीतरी कारण काढलंच असतं. चौतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात नळ जोडले. अर्ध्या इंचापासून ते माणूस आत शिरेल एवढ्या पाइपापर्यंत. आमच्या ओळीतली सगळी घरं मला अजूनही नळवाले काका म्हणतात. आणि मी चार वीतभर नळ्यांसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहू?

पार्ट्सच्या दुकानात गाडीचं नाव सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "कोणत्या महिन्याची?"

"महिन्याचं काय? वर्ष विचारा."

"वर्षाने भागत नाही काका. त्या वर्षी कंपनीने मध्येच नळी बदलली."

मी घरी येऊन कागद शोधला, परत गेलो. मग त्याने विचारलं, मागची डावी हवी ती लांब की आखूड? मी घरी येऊन मोजली, परत गेलो. तिसऱ्या खेपेला त्याने मला बसायला स्टूल दिलं. चौथ्या खेपेला चहा सांगितला. चारही नळ्या, तांब्याचे वायसर आणि ब्रेक ऑइलचा डबा घेऊन मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "येत जा." मी वळूनही पाहिलं नाही.

रविवारी सकाळी गाडी अंगणात लोखंडी घोड्यांच्या आधारावर चढवली, चाकं काढली आणि खाली सतरंजी पसरली. मी पाठीवर आडवा होऊन पहिल्या नटाला पाना लावतोय तोच माझ्या कानाशी दोन चपला येऊन उभ्या राहिल्या. चपलांवरून मी ओळखलं. शेजारचे पूलवाले. नोकरीत असताना त्यांनी पूल बांधले, निवृत्त झाल्यावर ते सल्ले बांधतात.

"काय काढलंत?"

"ब्रेकच्या नळ्या."

"द्रव दाबला जात नाही, हे लक्षात ठेवा. सगळी गंमत त्यात आहे."

"ठेवतो."

"नट फिरत नसेल तर जोर लावू नका. अगदी थोडा लावा. पण लावा."

ह्या वाक्यातला कुठला भाग ऐकावा हे मी ठरवत होतो, तेवढ्यात पाना घसरला. मी गंजावर तेल सोडलं, तासभर थांबलो, पुन्हा लावला. पुढचे दोन्ही नट सुटले. मागचा उजवा सुटला. मागचा डावा नट फिरला, पण त्याने पोलादी नळीलाही बरोबर फिरवलं. नळी पिळवटली आणि कट्‌ करून तुटली. माझ्या हातात नट आला, नटात नळीचा तुकडा होता.

वरून पूलवाले म्हणाले, "सुटला वाटतं."

तर, कामं चार होती, ती पाच झाली. सोमवारी पोलादी नळी बनवून देणारा शोधला. त्याने जुनीच्या मापाने नवी कापली, तोंडं पसरवून दिली, पण म्हणाला, "वाकवून देणार नाही, वाकवताना चिमटली की लोक भांडायला येतात." मी म्हटलं, वाकवायला तू कशाला हवास? घरी येऊन मी ती बाटलीच्या गळ्यावर हळूहळू वाकवली, अशी की जुनीच्या शेजारी ठेवली तर कोणती कंपनीची हे ओळखू येऊ नये. बायकोला दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. बाटली कुठली घेतली?" बाटली तिच्या तेलाची होती. तो विषय इथे वाढवत नाही.

मंगळवारी चारही नव्या नळ्या बसवल्या. आता जे झालं ते मी लपवू शकलो असतो, पण लपवणार नाही. पोलादी नळी जिथे रबरी नळीत शिरते, तिथल्या आट्यांवर माझ्या हातांनी पांढरी टेप गुंडाळली. मुद्दाम माझ्या हातांनी म्हणतोय, कारण मला विचारून गुंडाळली नाही. चौतीस वर्षं एकही जोड मी टेप लावल्याशिवाय बंद केला नाही. टेप नव्हती तेव्हा सुतळी आणि सफेदा होता. उघडे आटे दिसले की माझी बोटं आपोआप खिशाकडे जातात. पूलवाल्यांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "व्वा. मी असतो तर आणखी दोन वेढे दिले असते."

मी दोन वेढे आणखी दिले.

मग हवा काढायचं काम आलं. नळ्या सोडल्या की आत हवा शिरते, आणि हवा असली की पेडल गादीसारखं खाली जातं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा बोल्ट जरा उघडायचा, हवा ऑइलसकट बुडबुडत बाहेर येते, बोल्ट बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. पेडलवर बायको बसली.

"दाबा!"

"दाबलं!"

"धरा!"

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत!"

"तुम्ही सांगाल, पण मला ऐकू आलं पाहिजे ना? तोंड गाडीखाली घालून बोलताय."

पूलवाल्यांनी तिथे मध्यस्थी स्वीकारली. मी गाडीखालून सांगायचं, त्यांनी खिडकीतून तिला सांगायचं. अडचण एवढीच होती की त्यांना निरोप जसाच्या तसा पोचवता येत नाही. मी "दाबा" म्हटलं की ते म्हणायचे, "वहिनी, दाबा म्हणतायत, म्हणजे पूर्ण दाबायचं, पण एकदम नाही, समतोल." तोवर मी बोल्ट उघडून बंद केलेला असे. मी "सोडा" म्हटलं की ते सोडायचं कसं हे समजावत. समोरच्या बाल्कनीत दोन खुर्च्या आल्या. थोड्या वेळाने तिथूनही "धरा, काकू, धरा!" ऐकू यायला लागलं.

डबाभर ऑइल संपलं तरी पेडल गादीच. आणि चारही जोडांवर थेंब. मी पाना घेऊन आवळले. थेंब थांबेना. टेप काढून नवी लावली, जाड लावली. थेंब मोठे झाले. पाण्याच्या कामात असं मला आयुष्यात झालं नव्हतं. मी सतरंजीवर बसून राहिलो. बाल्कनीतल्या खुर्च्याही गप्प झाल्या. हे मला जास्त लागलं.

बायको पेडलवरचा पाय न काढता म्हणाली, "अहो, नळ्यांच्या खोक्यात घडीचा कागद होता, त्यावर काय लिहिलंय?"

"नळ जोडायला मला कागद लागतो?"

"मी कुठे म्हटलं लागतो? लिहिलंय काय ते विचारलं."

मी कागद उलगडला. बारीक अक्षर, सात-आठ भाषा, आपली अगदी तळाला. मी वाचायला शिकलो चव्वेचाळिसाव्या वर्षी, खात्याच्या संध्याकाळच्या वर्गात, आणि मास्तरांनी सांगितलं होतं की मोठ्याने वाचा. ती सवय गेली नाही. ओळीखाली बोट धरून मी मोठ्याने वाचत गेलो. सहाव्या ओळीला मी थांबायला हवं होतं, पण सुरू केलेली ओळ मी अर्धी टाकत नाही.

"जोडाच्या आट्यांवर टेप, धागा किंवा कोणताही लेप लावू नये."

सगळ्या ओळीला ऐकू गेलं. बाल्कनीतून कुणीतरी खोकलं. पूलवाले आकाशाकडे पाहू लागले, जणू तिथे त्यांचा एखादा पूल आहे.

मग मी पोलादी नळीचं तोंड उजेडात धरून नीट पाहिलं. ते कर्ण्यासारखं पसरलेलं होतं. समोरच्या खळग्यात ते तोंड घट्ट बसतं आणि ऑइल तिथेच अडतं. आट्यांचं काम नुसतं दाबून धरायचं. माझ्या टेपेमुळे नट पूर्ण बसतच नव्हता. सोपं होतं. चौतीस वर्षं मला जे येत होतं तेच आडवं आलं होतं. पण म्हणून मी ते चूक मानत नाही. पाण्याला तेच बरोबर आहे, आणि ज्याला शंका असेल त्याने आपल्या घरचा नळ बघावा, अजून गळत नाही.

सगळे जोड सोडून टेपेचा कण न् कण पुसून काढला, नवा डबा आणला. ह्यात पूलवाल्यांनी मदत म्हणून बाहेरून ओघळलेला उघडा डबा माझ्या हातातून घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्याच गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मी ओरडलो. ते म्हणाले, "घाबरू नका, सपाट आहे." ब्रेक ऑइल रंग खातं. डबा उचलला तेव्हा बॉनेटवर बशीएवढं वर्तुळ फुगून आलं होतं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, बोटाला रंग आला. ते बोट तसंच उभं धरून घरात गेले. त्यानंतर निरोप थेट माझ्याकडून बायकोला जाऊ लागले आणि अर्ध्या तासात पेडल दगडासारखं घट्ट झालं. "वर आलं हो!" ती म्हणाली, आणि बाल्कनीतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी पाठ फिरवून पाने पुसले. चेहरा कुणाला दाखवायचा नव्हता.

मग मी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहिलं, नळी कुठे घासत नाही ना. बायकोला पूर्ण जोर लावून पेडल धरायला सांगितलं आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद दाबला. चारही कागद कोरडे आले. ते मी घडी करून खिशात ठेवले.

फेरतपासणीला बायको गाडीत बसलीच होती; मुलगाही बरोबर आला, आई म्हणाली म्हणून. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला.

"गॅरेजचा शिक्का कुठाय?"

"गॅरेज नाही."

"मग काम कुणी केलं?"

"मी."

"तुमच्या गॅरेजचा शिक्का?"

"माझं गॅरेज नाही."

"मग काम कुणी केलं?"

"बाई, आपण इथून एकदा जाऊन आलो."

त्या वरच्यांना विचारून आल्या. 'स्वतः' असा रकाना नसल्यामुळे साध्या कागदावर अर्ज लिहून द्यायचा ठरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, द्या, मी लिहितो, पटकन होईल."

"पटकन कशाला व्हायला हवं?"

मी खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिलं. रांगेतून "आजोबा, आटपा" असं दोनदा आलं. ज्याला अक्षर लहानपणी मिळालं त्याने आटपावं. बाईंनी अर्ज वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय? 'कामाबद्दल कोणास शंका असल्यास त्याने माझ्या समोर यावे.' अर्जात असं लिहीत नाहीत."

"लिहीत नसतील. मी लिहिलंय."

"काढून टाका."

"नाही."

रांग मागे वाढत होती. बाईंनी रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

तोच साहेब खड्ड्यात उतरला. पाचही नळ्यांवरून बोट फिरवलं, नव्या पोलादी नळीचं वळण टॉर्चने बराच वेळ पाहिलं. "ही कुणी वाकवली?" मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं. मग यंत्रावर चाकं फिरवून ब्रेक मोजले. आकडे बघून साहेब म्हणाला, "उत्तम. नव्या गाडीलाही एवढे सारखे येत नाहीत."

मी मुलाकडे पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती.

साहेब गाडीभोवती एक चक्कर मारून मागे थांबला. "दिवे लावा." लावले. "नंबरप्लेटचा दिवा लागत नाही."

"लागेल. बल्ब गेला असेल."

"लावून उद्या आणा." आणि कागदावर त्याने नापासच्या चौकटीत खूण केली.

"अहो, ब्रेक उत्तम म्हणालात ना?"

"उत्तमच आहेत. पण चौकटी दोनच आहेत, आजोबा. पास, नाहीतर नापास."

वाटाण्याएवढ्या दिव्यासाठी! मी त्याच्याशी दहा मिनिटं भांडलो. त्याने ऐकून घेतलं, खूण तशीच राहिली. मग मी मुलासमोर गेलो आणि चावी पुढे केली.

"राहू दे बाबा. बल्बचं काय एवढं..."

"शब्द म्हणजे शब्द. मला कुणाची दया नको. घे."

त्याने घेतली. मी मागच्या सीटवर बसलो, बायको शेजारी. मी हात मांडीवर ठेवले आणि सामानासारखा समोर बघत राहिलो. माझ्या गाडीत मागे एवढी कमी जागा आहे हे मला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं.

फाटकाशी मुलाने सवयीने ब्रेक दाबला, जुन्या नळ्यांना लागायचा तेवढा. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि बायकोची पिशवी खाली पडली. त्याने पायाकडे पाहिलं. गतिरोधकावर पुन्हा तेच. बायको म्हणाली, "हळू दाब रे, तुझ्या बाबांनी बसवलेत."

मोठ्या रस्त्याला लागलो. गाडी वेगात होती. डाव्या हाताच्या गोदामातून एक ट्रक मागे बघायला माणूस नसताना उलटा बाहेर आला आणि अख्खा रस्ता अडवून उभा राहिला. मुलाने पेडलवर सगळा जोर टाकला. माझाही उजवा पाय मोकळ्या जागेत दाबला गेला. टायर किंचाळले, गाडीने नाक खाली घातलं, सरळ रेषेत, ना डावीकडे ना उजवीकडे, आणि थांबली. समोर ट्रकचं मागचं फळकूट होतं. मध्ये हातभर जागा.

ट्रकवाला उतरून आला, हात जोडले आणि निघून गेला. मुलाने अजून स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"थांबली," बायको म्हणाली.

त्याने गाडी हळूच कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"तुम्ही पुढे बसा, बाबा. बल्ब मी घेऊन येतो. समोरच दुकान आहे."

"तपासणी नापास झालीय. कागद तुझ्याच खिशात आहे."

"बाबा, उतरा ना."

"आधी नीट सांग. दया करतोयस की कबूल करतोयस?"

"कबूल करतोय."

"मोठ्याने. आईला ऐकू आलं पाहिजे."

"कबूल करतोय!" तो ओरडला. रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले.

मी उतरलो, चावी घेतली आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो. आभार मानले नाहीत. मग सीट मागे सरकवली, कारण त्याने ती पुढे ओढून ठेवली होती, आणि तो बल्ब घेऊन येईपर्यंत इंजिन चालू करून ठेवलं.